चुनखडीचा किनारा

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर जाणारी आपली मंडळी बहुधा नीस, कान, मोनॅको करून परत फिरतात. सहलीच्या पत्रकात तेवढंच छापलेलं असतं, आणि मोनॅकोच्या बंदरातल्या श्रीमंतांच्या बोटी बघून झाल्या की किनारा पाहिल्यासारखा वाटतो. त्याच किनाऱ्यावर पश्चिमेला, मार्सेय शहराच्या दोन्ही हातांना, चाळीसेक किलोमीटरचा एक पट्टा आहे. तो त्याहून कितीतरी भरीव आहे. वायव्येला लेस्ताक हा जुना कोळीवाडा, आग्नेयेला ला सियोता हे जहाजबांधणीचं गाव, मध्ये मार्सेय आणि कासी. एवढ्याशा जागेत हिमयुगातल्या माणसांनी रंगवलेली गुहा आहे, ग्रीकांचं बंदर आहे, विसाव्या शतकाच्या चित्रकलेने जिथे वळण घेतलं तो डोंगरउतार आहे, आणि निम्म्याहून अधिक समुद्रातच असलेलं राष्ट्रीय उद्यानही आहे. येणारे लोक हे सगळं सुटं सुटं पाहतात. निसर्ग सकाळी, संग्रहालय दुपारी, चर्च संध्याकाळी. मला मात्र ही सगळी एकाच दगडाची करामत वाटते. तो दगड म्हणजे चुनखडी.

ही चुनखडी साधारण बारा कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा इथे उबदार, उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळाशी रुडिस्ट नावाच्या जाड कवचाच्या शिंपल्यांची दाटी होती. मेलेल्या जिवांची कवचं साचत गेली, दाबली गेली आणि त्यांचा पांढराशुभ्र, टणक दगड झाला. पुढे पिरिनीज आणि आल्प्स उचलले गेले, त्या रेट्यात हा दगडही समुद्राबाहेर आला. चुनखडीचा स्वभाव असा की पावसाच्या किंचित आम्ल पाण्यात ती हळूहळू विरघळते. भेगा रुंदावतात, पाणी वरून वाहायचं सोडून आत उतरतं आणि डोंगराच्या पोटात भुयारं तयार होतात. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टची जात निराळी. तिथे लेणी छिन्नी-हातोड्याने खोदावी लागली, इथे खोदकाम पाण्याने करून ठेवलं.

मार्सेय आणि कासीच्या मधला किनारा या चुनखडीने अक्षरशः दातेरी केला आहे. उभ्या कड्यांमधून समुद्र चिंचोळ्या पट्टीसारखा आत शिरतो. अशा जागेला तिथे कलांक म्हणतात. आपण लगेच ‘खाडी’ म्हणून मोकळे होऊ, पण कोकणातल्या खाडीची एकही खूण इथे नाही. वरून येणारी नदी नाही, चिखल नाही, तिवरं नाहीत. पाणी असं नितळ की दहा मीटर खालची वाळू दिसावी. मग नदी नसताना ही दरी कापली कोणी?

याचं उत्तर समुद्राच्या पातळीत आहे. सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी जिब्राल्टरकडचा रस्ता बंद झाला आणि भूमध्य समुद्राला अटलांटिकचं पाणी मिळेनासं झालं. काही लाख वर्षांत तो बराचसा आटला. पातळी शेकडो मीटर खाली गेल्यावर नद्या-ओढ्यांनी किनारे खोलवर चिरले. अटलांटिक पुन्हा आत आला तेव्हा या चिरा भरल्या. नंतर हिमयुगांत पातळी पुन्हा पुन्हा खाली-वर झाली. अगदी अलीकडे, वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर तरी खाली होता आणि किनारा कित्येक किलोमीटर दूर होता. आज आपण ज्यात पोहतो ती मुळात कोरडी दरी आहे, फक्त बुडालेली.

याचा सर्वांत विलक्षण पुरावा कासीजवळच्या पोर-मियू या कलांकमध्ये आहे. वरून पाहिलं तर शिडाच्या बोटींची रांग, बाजूला बंद पडलेली दगडखाण. पण कलांकच्या काठाखाली, समुद्रसपाटीच्याही खाली, किंचित खारट झालेल्या पाण्याची एक नदी कड्याच्या पोटातून बाहेर पडते. पाणबुडे त्या भुयारात २०० मीटरपेक्षा खोल गेले आहेत. समुद्राच्या इतकं खाली नदीचं पाणी भुयार कोरू शकत नाही. म्हणजे कोरलं तेव्हा समुद्र तिथे नव्हताच.

पोर-मियूपासून पायवाट पोर-पांला आणि तिथून आं-व्होला जाते. आं-व्हो सर्वांत देखणी आहे आणि उतरायला सर्वांत वाईट. लाखो पावलांनी घासून तिथला दगड संगमरवरासारखा गुळगुळीत झाला आहे, तेव्हा चपला घालून जाण्याचा विचार सोडावा. झाडं बघा: अलेप्पो पाइन, खुरटा ओक, रोझमेरी, आणि समुद्राच्या खारट वाऱ्याला तोंड देणारी काटेरी उशीसारखी झुडपं. सगळी बुटकी, सगळी चिवट. माती जवळजवळ नाही, आणि पाऊस वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आसपास. कोकणात एकट्या जुलैत याहून जास्त पडतो. आकाशात नशीब असेल तर मोरघार दिसते, आपल्याकडच्या डोंगरकड्यांवर असते तीच. फ्रान्समध्ये ती अतिशय दुर्मीळ झाली आहे आणि या उद्यानात तिच्या घरट्याची राखण केली जाते.

कासीच्या पूर्वेला दृश्य एकदम पालटतं. काप कनाय हा कडा समुद्रावर ३९४ मीटर उठतो, आणि रंग पांढरा नव्हे, गेरूचा. हा वाळूचा आणि गोट्यांचा दगड आहे. गंमत अशी की हे गोटे आणणाऱ्या नद्या दक्षिणेकडून येत होत्या. आज तिकडे फक्त समुद्र आहे. ज्या भूमीवरून त्या वाहत आल्या ती भूमीच पुढे तुटून, सरकून गेली. कड्यावरून ला सियोताला जाणारा घाटरस्ता आहे. वारा फार असला की तो बंद ठेवतात.

आता गुहा. आंरी कोस्केर हा कासीचा पाणबुड्या. १९८५ मध्ये मोर्जियू या भूशिराजवळ, ३७ मीटर खोलीवर त्याला एका भुयाराचं तोंड सापडलं. १७५ मीटर वर चढत जाणारं ते भुयार एका दालनात उघडतं, आणि त्या दालनाचा वरचा भाग पाण्याबाहेर आहे. चित्रं त्याच्या लक्षात आली ती १९९१ मध्ये, आधी भिंतीवरचा एक हाताचा पंजा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुयारात तीन पाणबुडे वाट चुकून मरण पावले आणि त्याने गुहेची माहिती सरकारला दिली. सुरुवातीला अनेक तज्ज्ञांनी ही बनवाबनवी ठरवली. प्रोव्हान्समध्ये अशी गुहा असू शकते यावरच कोणाचा विश्वास नव्हता. मग कोळशाच्या रंगाची रेडिओकार्बन तारीख आली आणि वाद मिटला. तीस हजारांहून अधिक ते सुमारे एकोणीस हजार वर्षांपूर्वीच्या काळात माणसं इथे पुन्हा पुन्हा येत होती.

इतर चित्रगुहांसारखे इथेही घोडे, रानगवे आणि डोंगरी बकरे आहेत. पण कोस्केरमध्ये सीलही आहेत, आणि महाऑक हा पेंग्विनसारखा दिसणारा, उडता न येणारा पक्षी आहे. तो पक्षी एकोणिसाव्या शतकात माणसाने संपवला. भूमध्य समुद्राच्या काठी सील आणि महाऑक म्हणजे तेव्हा इथे किती थंडी होती याची साक्षच. चुनखडीने ही चित्रं दोनदा सांभाळली. एकदा गुहा देऊन, आणि दुसऱ्यांदा भिंतींवर कॅल्साइटचा पातळ थर चढवून. समुद्राने मात्र गुहेचा सुमारे चार-पंचमांश भाग गिळला आहे, आणि पाणी चढतंच आहे. खालच्या घोड्यांचे पाय आता ओले होऊ लागले आहेत.

मूळ गुहेचं तोंड बंद केलेलं आहे. २०२२ च्या जूनमध्ये मार्सेयच्या बंदरावर तिची प्रतिकृती खुली झाली. छोट्या गाड्यांत बसवून अंधारातून फिरवतात. अशा नकलांबद्दल मला सहसा आकस असतो. इथे तो सोडावा लागतो, कारण दुसरा मार्गच नाही आणि मोजमापं लेसरने घेतलेली आहेत. फक्त गाडी थांबत नाही, ती जरा थांबायला हवी होती.

प्रतिकृतीला खेटूनच म्यूसेम हे भूमध्य संस्कृतींचं संग्रहालय आहे. २०१३ मध्ये मार्सेय युरोपची सांस्कृतिक राजधानी होती, त्या वर्षी ते उघडलं. रूदी रिचोत्ती या वास्तुकाराने त्याच्यावर काँक्रीटची काळसर जाळी चढवली आहे. ऊन तिच्यातून तुकड्या-तुकड्यांनी आत येतं. सिमेंट चुनखडीपासूनच होतं, तेव्हा हीही त्याच घराण्यातली. शहराच्या दक्षिण भागात ल कोर्ब्यूझिएची १९५२ मध्ये पुरी झालेली ‘सिते रादियूझ’ ही ३३७ घरांची प्रचंड इमारत उभी आहे. चंडीगडच्या कॅपिटॉल संकुलाबरोबर, २०१६ मध्ये, एकाच नोंदीखाली ती जागतिक वारशात गेली. आपल्यातल्या कोणाला चंडीगड रुक्ष वाटलं असेल तर त्याने ही इमारत जरूर पाहावी. भूमध्याच्या उन्हात तेच काँक्रीट वेगळं बोलतं.

शहराचं मूळ मात्र जुन्या बंदराच्या मागे, एका बाजारसंकुलाच्या पोटाशी आहे. १९६७ मध्ये तिथे खोदकाम करताना ग्रीक बंदर आणि तटबंदी हाती लागली. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमाराला आशिया मायनरमधल्या फोकाया या गावचे ग्रीक इथे आले. दंतकथा अशी की स्थानिक टोळीच्या प्रमुखाने मुलीच्या लग्नासाठी मेजवानी ठेवली होती. ती ज्याच्या हातात पेला देईल तो नवरा. जिप्तिसने पेला दिला तो नुकत्याच उतरलेल्या प्रोतिसच्या हातात. स्वयंवराची गोष्ट आपल्याला काही नवी नाही, पण हिच्यातून फ्रान्समधलं सर्वांत जुनं शहर उभं राहिलं.

या शहराच्या इतिहास संग्रहालयात इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या दोन बोटी ठेवल्या आहेत. त्यांतली लहान बोट खिळ्यांशिवाय, फळ्या दोऱ्यांनी शिवून केलेली आहे. २०१३ मध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती बांधून ‘जिप्तिस’ नावाने समुद्रात सोडली. भारतीय नौदलाचं ‘कौंडिण्य’ हे शिवलेलं जहाज, अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलं गेलेलं, २०२५ मध्ये नौदलात दाखल झालं. दोन्हीकडे मूळ कारागिरी पुन्हा शिकावी लागली.

त्या लहान बोटीत लाल पोवळ्याचे अवशेष मिळाले. हा धागा थेट आपल्या घरात येतो. मंगळासाठी अंगठीत घालतात किंवा माळेत ओवतात ते पोवळं भारताच्या समुद्रात होत नाही. ते या समुद्राचं. प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय की रोममध्ये भारताच्या मोत्यांचं जे कौतुक, तेच भारतात पोवळ्यांचं, आणि सर्वांत नावाजलेलं पोवळं गॉलच्या आखातातलं, म्हणजे इथून पूर्वेला इएरच्या बेटांभोवतीचं. त्याच शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत भडोचला उतरणाऱ्या मालात पोवळी आहेत. कलांकच्या पाण्याखालच्या कपारींत ते आजही वाढतं, वर्षाला मिलीमीटरचा अंश इतक्या धिम्या गतीने. त्याचा सांगाडाही कॅल्शियम कार्बोनेटचाच, चुनखडीचा सख्खा भाऊ.

मराठी वाचकाला हे बंदर आणखी एका कारणाने ठाऊक आहे. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीच्या शौचकूपातून सावरकरांनी मारलेली उडी याच पाण्यातली, आपल्या पाठ्यपुस्तकांतलं ‘मार्सेलिस’ ते हेच. फ्रेंच भूमीवर पकडलेला माणूस इंग्रजांच्या हवाली करणं योग्य होतं का, हा वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. मार्सेयच्या बंदराच्या दक्षिणेला, कलांकच्या डोंगरांच्या पायथ्याशी, माझार्गची युद्ध-दफनभूमी आहे. १९१४ च्या सप्टेंबरमध्ये भारतीय पलटणी युरोपच्या युद्धासाठी मार्सेयलाच उतरल्या. त्यांतल्या अनेकांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत.

चुनखडीच्या गावाचा एक शाप असतो, पाणी. वर पडलेलं सगळं आत जातं. एकोणिसाव्या शतकात मार्सेय वाढत गेलं, १८३४-३५ मध्ये कॉलरा झाला, आणि मग द्यूरांस नदीचं पाणी कालव्याने आणायचं ठरलं. १८४९ मध्ये ते शहरात पोचलं. त्या आनंदात लाँशांचा राजवाडा बांधला. कारंजं मधोमध, एका बाजूला कलादालन आणि दुसऱ्या बाजूला निसर्गविज्ञान संग्रहालय. पाण्यासाठी राजवाडा बांधणारं शहर मला मनापासून आवडतं. याच निसर्गविज्ञान संग्रहालयाचे पुढे संचालक झालेले फोर्त्युने मारियाँ हे तरुणपणी चित्रकार पॉल सेझानचे मित्र होते. दोघे डोंगर हिंडत. सेझानच्या एका चित्रवहीत मारियाँने काढून दिलेल्या भूस्तरांच्या आकृत्या आहेत. सेझानवर लिहिणारे प्रकाशाबद्दल पानंच्या पानं लिहितात. या आकृत्यांकडे त्या मानाने कमी लक्ष जातं.

प्रकाश तरी येतो कुठून? मिस्त्राल हा उत्तरेचा कोरडा, जोरकस वारा हवेतली वाफ हाकलून लावतो. वर्षाला २,८०० तासांहून अधिक ऊन पडतं. आणि खाली पांढरा दगड, ज्यावर झाडाची सावली धरायला धड माती नाही. ऊन वरूनही येतं आणि खालूनही. सेझान १८७० मध्ये लेस्ताकला आला तो सैन्यभरती टाळण्यासाठी. मग पंधरा वर्षं येत राहिला. १८७६ मध्ये त्याने चित्रकार पिसारोला कळवलं की इथल्या उन्हात वस्तू नुसत्या बाह्याकृतीसारख्या दिसतात, त्यांचा उठाव जणू नाहीसा होतो, आणि त्या आकृती केवळ काळ्या-पांढऱ्या नसून निळ्या, लाल, तपकिरी, जांभळ्या असतात. हे फक्त रंगाचं निरीक्षण नाही. मऊ सावल्यांनी गोलाई दाखवण्याची युरोपची जुनी युक्ती इथे चालत नव्हती, आणि त्याला दुसरी शोधणं भाग पडलं. त्याने रंगांच्या लहान लहान पाती एकमेकींना टेकवून डोंगर उभे केले, थर रचावेत तसे.

१९०६ मध्ये सेझान गेला. त्याच सुमारास चित्रकार जॉर्ज ब्राक लेस्ताकला येऊ लागला. आधी भडक रंगांत रमला, आणि १९०८ च्या उन्हाळ्यात त्याने जी घरं रंगवली त्यांना दारं-खिडक्या नाहीत, क्षितिज नाही. नुसते एकावर एक चढलेले ठोकळे. पॅरिसच्या शरद प्रदर्शनाने ती चित्रं नाकारली. नोव्हेंबरमध्ये कानवायलर या कलाविक्रेत्याच्या दालनात ती लागली, आणि व्होसेल या समीक्षकाने हा माणूस सगळ्याचे ठोकळे करतो अशी खिल्ली उडवली. घनवादाला नाव मिळालं ते या थट्टेतून. चुनखडीने घनवाद जन्माला घातला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पिकासो तेव्हा पॅरिसमध्ये आपल्या वाटेने तिकडेच निघाला होता. पण लेस्ताकच्या चढावर उभं राहून पाहिलं, की उघडे कडे आणि त्यांच्याच रंगाची चौकोनी घरं यांत ब्राकने फार काही बनवून घातलं नव्हतं एवढं कळतं.

त्यातलं एकही चित्र आज लेस्ताकमध्ये नाही. ती न्यूयॉर्क, शिकागो, पॅरिस, बर्नला गेली. गावात चित्रकारांच्या जागा दाखवणारे फलक आहेत आणि धक्क्यावर पानिस तळणाऱ्या टपऱ्या. हरभऱ्याच्या पिठाची पाटवडी थापून, कापून तळावी तसाच हा प्रकार, फक्त फोडणी नाही. मीठ-मिरपूड भुरभुरून गरम गरम खायचा.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं सेझानचं मार्सेयच्या आखाताचं चित्र नीट पाहिलं तर मधोमध कारखान्याचं धुराडं आहे. लेस्ताकमध्ये कौलांचे कारखाने होते आणि त्याने ते गाळले नाहीत. पुढे मात्र तो वैतागला. १९०२ मध्ये भाचीला लिहिलेल्या पत्रात धक्क्यांवरच्या गॅसच्या आणि विजेच्या दिव्यांबद्दल त्याने भरपूर तक्रार केली आहे. आजची पत्रकं ‘अस्पर्श निसर्ग’ असं छापतात ते साफ खोटं आहे. या किनाऱ्यावर दगडखाणी होत्या. कासीचा दगड बंदरांच्या धक्क्यांना गेला आणि मार्सेयच्या स्वयंपाकघरांत भांडी घासायच्या मोऱ्यांनाही. शिसं वितळवणाऱ्या भट्ट्या होत्या, त्यांचं विष मातीत अजून आहे. गार्दान इथल्या ॲल्युमिना कारखान्याची लाल माती १९६७ पासून २०१५ च्या अखेरपर्यंत नळाने कासीसमोरच्या समुद्रदरीत ओतली जात होती. राष्ट्रीय उद्यान झालं २०१२ मध्ये. म्हणजे पहिली जवळपास चार वर्षं उद्यानाच्या पोटात ही लाल माती रीतसर परवान्याने पडत होती.

आता संकट आहे ते माणसांच्या गर्दीचं आणि आगीचं. सुजितों या कलांकमध्ये उन्हाळ्यात दिवसाला अडीच हजारांपर्यंत लोक येत. पायांनी उतारावरची उरलीसुरली माती सुटू लागली. २०२२ पासून भर उन्हाळ्यात तिथे दिवसाला फक्त ४०० जणांना प्रवेश आहे. नोंदणी इंटरनेटवर, फुकट, काही दिवस आधी करायची. निर्बंध लावल्यावर ओरड होईल असं वाटलं होतं, पण इतर गावांनीच त्याचा कित्ता गिरवायला घेतला. आगीचं गणित वाऱ्यावर असतं. जुलै २०२५ मध्ये मिस्त्रालवर स्वार झालेला वणवा लेस्ताकच्या घरांपर्यंत आला होता.

म्हणून जून ते सप्टेंबर या काळात डोंगरात जायचं की नाही हे प्रशासन आदल्या संध्याकाळी रंगांनी जाहीर करतं. लाल असेल तर वाट बंद, आणि दंड होतो. माझा सल्ला ऑक्टोबर किंवा एप्रिल-मेचा. उन्हाळ्यातच जाणं झालं आणि लाल रंग निघाला, तर बोटीने कलांक समुद्रातून पाहता येतात, तेही वारा परवानगी देईल तर. नाहीतर बसने तासाभरात एक्स हे गाव गाठावं. तिथल्या ग्राने संग्रहालयात सेझानची थोडी चित्रं आहेत, आणि गावाबाहेर बिबेम्यूच्या सोनेरी दगडाच्या जुन्या खाणी, जिथून त्याने सेंत-व्हिक्तोआर हा चुनखडीचा डोंगर रंगवला. खाणीत वाटाड्याबरोबरच जाता येतं. जागा आधी धरून ठेवावी, आणि सेंत-व्हिक्तोआरवर चढायचा बेत असेल तर तिथलाही रंग पाहून घ्यावा.